एवढ्या सगळ्यांनी उघडलेलं फाटक

उलटी घालून ठेवलेली होडी. तिच्याखालची वाळू कोरडी आहे.

*

आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात आखूड स्क्रू. ते तिथे कसे आले, त्यांना आठवत नाही. स्क्रू फेकायचे नसतात, एवढं मात्र पक्कं माहीत आहे.

*

"मिस्त्री आता कुठे असतात रे?"
"कोण जाणे. लागले असतील कुठेतरी कामाला."

*

कुत्र्याच्या पिल्लाचं नाव बिजागरी. आजोबांच्या नातीने, चिमटीने ठेवलं, कारण त्याचे कान दारासारखे उघडतात आणि मिटतात. कुलपांच्या दुकानात वाढलेल्या मुलीला आणखी कुठला शब्द सुचणार? हाक मारायला बिजू.

*

दोरीवरचा टॉवेल. सून तो काढते, झटकते, परत घालते. टॉवेल कधीच वाळलेला आहे.

*

पिल्लू सापडतं. त्याची काळजी करायचं कारण नाही.

*

थोरलीने, म्हणजे आजोबांच्या मोठ्या मुलीने, वरच्या खिडकीतून सगळं पाहिलं होतं.

जेवणं झाली होती. तळ्याकाठच्या त्या भाड्याच्या घरात बहुतेक सगळे जिथे जागा मिळेल तिथे आडवे झाले होते. चिमटीचा तीन वर्षांचा भाऊ गोळा तर ताटावरच पेंगला होता. बाबा काठी घेऊन फिरायला निघाले. त्यांनी फाटक उघडलं, बाहेर पडले आणि मागे न बघता चालू लागले. आयुष्यभर ज्या माणसाने प्रत्येक दार बंद झाल्यावर "लागलं?" असं विचारलं आणि दार लावणाऱ्याकडून "लागलं" हे उत्तर वसूल केलं, मग तो पोर असो की पाहुणा, तोच माणूस फाटक सताड टाकून गेला. पिल्लू जरा वेळ फाटकाशी घुटमळलं. बाबा डावीकडे गेले होते. ते उजवीकडे गेलं.

खाली उतरून हाक मारली असती तरी पुरलं असतं. पण सुट्टीला येताना एवढंसं कुत्रं गाडीत घालून आणायची कल्पना तिच्या भावजयीची होती. वाटेत ते थोरलीच्या नव्या चपलेत ओकलं होतं आणि वर सगळे हसले होते. 'आता बसा शोधत,' असं थोरलीच्या मनात आलं. आलं, आणि ती कुशीवर वळली.

पुढे तिने स्वतःला बऱ्याचदा सांगून पाहिलं की तेवढ्यात डोळा लागला. डोळा लागला नव्हता.

*

चहाच्या वेळी गोळा सगळ्या खाटांखाली वाकून आला आणि म्हणाला, "बिजू नाही."

आजोबा नुकतेच परतले होते. व्हरांड्यात बसून बुटातली वाळू झाडत होते. त्यांनी मान वर केली तर समोर उघडं फाटक.

"हे फाटक कोणी उघडं टाकलं?"

सून दोरीकडे वळली.

"विचारतोय मी. कुलूपवाल्याचं घर आहे हे!"

"भाड्याचं आहे, बाबा," मुलगा म्हणाला. तो आता दुकान चालवतो आणि अवघड जागी सापडला की विनोद करतो.

"भाड्याचं आहे म्हणून सताड ठेवायचं? चोर काय भाडेपावती बघून आत शिरतो?" आजोबांचा राग खरा होता. त्यात नाटक असतं तर सगळ्यांना सोपं गेलं असतं.

पायरीवर चिमटी बसली होती. ती दुपारी झोपली नव्हती. ती उभी राहिली. "आजोबा, तुम्ही ना मघाशी..."

"चिमटी," थोरली म्हणाली.

थोरली एका शाळेची मुख्याध्यापिका आहे. तिचा एक आवाज आहे. तो चढत नाही, उलट मऊ होतो आणि तो ऐकला की मुलं न केलेल्या गोष्टीही कबूल करतात. शिक्षक तो आवाज शिकायला तिच्या वर्गाबाहेर उभे राहतात.

"तू दुपारी फाटकाशी खेळत होतीस ना गं?"

"हो, पण..."

"खेळत होतीस की नव्हतीस?"

"होते."

"मग?"

चिमटीने आईकडे पाहिलं. आई दोरीवरचा टॉवेल सारखा करत होती. मग तिने पप्पांकडे पाहिलं.

"जाऊ दे ना ताई," पप्पा म्हणाले. "लहान आहे ती."

तिची बाजू घेऊन कोणी बोललं ते एवढंच, आणि त्यानेच निकाल लागला.

"लहान आहे म्हणूनच शिकवायला हवं," आजोबा म्हणाले. राग गेला होता. नातीवर त्यांना फार वेळ रागावता येत नाही. "रडू नकोस. उद्या सकाळी मी तुला शिकवतो कडी कशी लावायची. माझ्या वडलांनी मला शिकवलं तसंच. मग जन्मात विसरणार नाहीस."

चिमटी रडत नव्हती. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती, चुकून दुसऱ्यांच्या वर्गात जाऊन बसल्यासारखी.

*

गाडीत मुलगा आणि सून. काचा खाली. गाडी तळ्याच्या कडेने सावकाश.

"बिजूऽऽ!"

"तू पण हाक मार ना."

"बिजू! ... मी पाहिलं होतं."

"काय?"

"फाटक. बाबा गेल्यावर हलत होतं. मी टॉवेल घालत होते. म्हटलं, पिल्लू गेलं असेल त्यांच्याबरोबर."

"मग तसं म्हणायचं ना तेव्हा."

"तू म्हणालास?"

"मला काय माहीत?"

"पुढे धक्क्यावर तुला भेटले ना ते. मला दिसत होतं व्हरांड्यातून. पिल्लू नव्हतं त्यांच्याबरोबर."

"... मी विचारलं, फाटक लावलंत ना? तर म्हणाले, मला विचारतोस? आजोबा नाही झाला अजून तू."

"बिजूऽऽ! सावकाश घे ना. त्या झाडाखाली काहीतरी आहे."

"पिशवी आहे."

"आज सांग त्यांना."

"काय सांगू? बाबा, तुम्ही फाटक उघडं टाकलंत? तुम्हाला कळतंय का तू काय म्हणतेयस?"

"तुम्हाला काय?"

"तुला. तुला कळतंय का? त्यांच्याकडे दुसरं काय आहे? दारं लावता येतात, एवढंच आहे. ते गेलं की माणूस गेला."

"मिस्त्रींच्या वेळी पण हेच म्हणालास."

"तो विषय नको."

"रात्रभर दुकान उघडं राहिलं ते बाबांमुळे. तू मिस्त्रींना सांगितलंस, तुम्ही विसरलात. तो माणूस तुझ्या लहानपणापासून त्या दुकानात. त्याने तुझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि म्हणाला, असेल बुवा, वय झालं माझं. आणि डबा घेऊन घरी गेला."

"मी काढलं नाही त्यांना. ते आले नाहीत परत."

"कसे येतील?"

"बिजूऽऽ!"

"मिस्त्री मोठे होते. ही सहा वर्षांची आहे."

"सुट्टीचे दोन दिवस राहिलेत. घरी गेल्यावर डॉक्टरकडे नेऊ, मग शांतपणे बोलू. तूच म्हणतेस ना, आधी डॉक्टर."

"मी नर्स म्हणून म्हणते. आई म्हणून काय म्हणते ते विचारलंस का?"

"काय म्हणतेस?"

"..."

"बोल ना."

"काही नाही. मी पण गप्प बसले की. आल्यापासून ताई माझ्याशी धड बोलत नव्हत्या. मघाशी आत गेले तर म्हणाल्या, अगं बस, तुझा चहा गाळलाय मी. आणि मला बरं वाटलं. पोरगी बाहेर पायरीवर बसलेली, आणि मला चहाचं बरं वाटलं."

"..."

"हाक मार."

"बिजू."

"मोठ्याने मार."

*

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सगळे एकमेकांशी फार चांगलं वागत होते. थोरली भावजयीला आधी वाढत होती. सून नणंदेला मीठ हवंय का विचारत होती. मुलाने ताटं धुवायची तयारी दाखवली. आजोबांना हे आवडलं. "असं असावं," ते म्हणाले. "कुत्रं काय, सापडेल."

चिमटीने उकडलेलं अंडं खाल्लं नाही. ताटाच्या कडेला सरकवून ठेवलं.

"खा ना गं," थोरली म्हणाली.

"बिजूला ठेवलंय."

थोडा वेळ चमच्यांचे आवाज झाले.

"आत्या, तू रागावलीयस माझ्यावर?"

"छे गं. मुळीच नाही."

"आई?"

"नाही, बाळा."

"पप्पा? आजोबा?"

"तुझ्यावर कोण रागावेल!" आजोबा म्हणाले.

चिमटीने विचार केला. "मग मी सॉरी कुणाला म्हणू?"

थोरलीने पाण्याचा जग उचलला. तो भरलेलाच होता, तरी ती तो भरायला आत गेली आणि नळ सोडून नुसती उभी राहिली. तिला शाळेतली मुलं आठवली नाहीत. तिला लहानपणीचा भाऊ आठवला, तिने फोडलेल्या काचेसाठी कोपऱ्यात उभा राहिलेला. तेव्हा तो असाच वर मान करून बघत होता. तेव्हाही बाबांना काही सांगायचं नव्हतं. बाबांना ज्याने वाईट वाटेल ते बाबांना सांगायचं नाही, ही या घराची रीत आईने घालून दिली होती. आई गेली. रीत राहिली, आणि आता ती चालवायचं काम थोरलीकडे आलं होतं.

बाहेरून आजोबांचा आवाज आला. "नळ बंद केलास? लागलं?"

"लागलं, बाबा."

*

सकाळी मुलाला पिल्लू सापडलं. घरापासून जवळच, काठावर उलट्या घातलेल्या होडीखाली. कोणाची तरी फाटकी चप्पल कवटाळून झोपलं होतं. त्याला उचलून आणताना मुलगा वाटेत थांबला आणि त्याच्या अंगात तोंड खुपसून उभा राहिला. दुरून कोणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, माणूस कुत्र्याचा वास घेतोय.

घरात एकच गलका झाला. गोळा नाचून नाचून दमला आणि पप्पांच्या खांद्यावर पुन्हा झोपला. चिमटीने कालचं अंडं कुस्करून पिल्लापुढे ठेवलं.

"चला, सुटलो," थोरली म्हणाली. "संपला विषय."

सुनेने मान डोलावली. मुलानेही डोलावली. तिघांच्याही तोंडावर एकसारखी हुशारी आली, परीक्षा रद्द झाल्यावर यावी तशी.

"चिमटे, चल," आजोबा म्हणाले. काठी घेऊन ते उभे होते. "काल काय ठरलंय आपलं?"

ज्या त्यांनी विसराव्यात असं सगळ्यांना वाटे, नेमक्या त्याच गोष्टी त्यांच्या ध्यानात राहत.

"बाबा, राहू द्या," मुलगा म्हणाला. "सापडलं ना पिल्लू."

"पिल्लू सापडलं. कडीचं काय?"

*

फाटक लाकडी होतं. कडी लोखंडी, वरच्या पट्टीला.

"हे बघ," आजोबा म्हणाले. "कडी हाताने लावायची नसते, कानाने लावायची. टक् असा आवाज आला पाहिजे. अर्धवट आवाज आला तर ती लागलेली नाही, नुसती टेकलेली आहे. टेकलेली कडी उघड्या दारापेक्षा वाईट. कळलं? हं, लाव."

चिमटीने हात वर केला.

मग टाचा उचलल्या. मग डावा हात फाटकाला टेकवून उजवा आणखी ताणला. बोटं मधल्या पट्टीपर्यंत गेली. वर अजून बरंच लाकूड होतं. तिला उडी मारताना पाहून बिजूनेही शेजारी उड्या मारायला सुरुवात केली.

व्हरांड्यात तिघं उभी होती. कोणी पुढे आलं नाही.

आजोबा नातीच्या बोटांकडे बघत राहिले. त्यांना आधी फक्त आश्चर्य वाटलं. कामात काही जुळलं नाही की ते माणसाकडे बघत नाहीत, वस्तूकडे बघतात. सवयच ती. ते वाकले. खाली, चिमटीच्या खांद्याच्या उंचीला, खांबावर बारीक भोकं होती.

"कडी मुळात इथे होती," ते म्हणाले. "कोणीतरी काढून वर बसवली आहे." त्यांनी वरच्या कडीवरून अंगठा फिरवला. "काम झकास आहे हं. लाकूड कुठे चिरलेलं नाही. स्क्रूला साबण लावून पिळलाय. बघ, कडेला पांढरं दिसतंय. हल्ली कोण करतं असं? अरे, हे कोणी केलं?"

प्रश्न त्यांनी व्हरांड्याकडे बघून विचारला. कौतुकाने विचारला. उत्तर द्यायला सुनेने तोंड उघडलं, आणि थोरलीने तिचा हात धरला. सुनेने तो सोडवून घेतला नाही.

विचार करताना आजोबांचा हात खिशात जातो. तिथे स्क्रू होते. एक काढून त्यांनी उन्हात धरला. आखूड. कडेला पांढरं काहीतरी सुकलेलं. त्यांनी तो खालच्या एका भोकाला लावला आणि अंगठ्याने फिरवला. स्क्रू न कुरकुरता आत गेला.

किल्ली नसलेलं कुलूप उघडताना आतला एकेक खटका जागेवर बसतो. डोळ्यांना काही दिसत नाही, बोटांना कळतं. शेवटचा खटका बसला की कुलूपवाल्याला आनंद होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना वाटलं, हा शेवटचा बसला नसता तर बरं झालं असतं.

ते स्क्रूकडे बघतच म्हणाले, "मग काल फाटक उघडलं कोणी?"

"मीच, आजोबा," चिमटी म्हणाली. "स्टूलवर चढून."

"कुठलं स्टूल?"

"ते... मग मी आत नेऊन ठेवलं."

"बाबा, मी उघडलं होतं," मुलगा पायऱ्या उतरत म्हणाला. गोळा खांद्यावर होता, म्हणून त्याला हळू बोलावं लागलं. "धक्क्यावर जाताना. माझ्याकडून राहिलं."

"तू आधी गेलास," सून म्हणाली. "तू गेल्यावर लागलेलं होतं. माझ्याकडून राहिलं असेल. मी टॉवेल..."

"बाबा, मी खिडकीतून पाहिलं," थोरली म्हणाली. तिचा तो आवाज आज लागला नाही. भलताच, चिरका आवाज आला. "उघडं आहे ते पाहिलं आणि खाली आले नाही. म्हणजे माझीच चूक."

आजोबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एवढ्या सगळ्यांनी मिळून एक फाटक उघडलं?"

मुलाला हसू आलं. ते त्याला आवरता आलं नाही आणि तोंड वाकडं झालं.

"आणि दुकान?" आजोबांनी विचारलं. "त्या रात्री दुकान उघडं राहिलं, तेही असंच? सगळ्यांनी मिळून?"

आता मुलगा हसत नव्हता.

"तू मला सांगितलंस, मिस्त्रीने टाकलं. मी मिस्त्रीला विचारलं तर तो म्हणाला, हो मालक, माझं वय झालं. मी त्याला बोललो. काय काय बोललो ते आठवत नाही, पण बोललो हे आठवतंय." त्यांनी स्क्रू पुन्हा बाहेर काढला आणि मुठीत धरला. "तुमचं चुकलं म्हणत नाही मी. पण आता हिला पण लावलंत या कामाला? ही स्टूल शोधतेय, बघा."

चिमटी खरंच व्हरांड्याच्या दिशेने बघत होती. स्टूल कोपऱ्यात होतं. त्यावर कपड्यांचे चिमटे ठेवले होते.

"फोन लाव त्याला."

"बाबा, घरी गेल्यावर आपण..."

"घरी जाईपर्यंत मला आठवेल का? तुला खात्री आहे?"

हे त्यांनी इतक्या साधेपणाने विचारलं की सून रडायला लागली. मुलाने गोळ्याला बायकोकडे दिलं आणि फोन लावला. नंबर अजून होता. बरेच दिवस त्याने तो पुसायचा ठरवून पुसला नव्हता.

"हॅलो?" पलीकडून मिस्त्री म्हणाले. मागे कुठेतरी लोखंडावर कानस चालू होती. "कोण, छोटे मालक? सगळं बरं आहे ना? मोठे मालक बरे आहेत ना?"

मुलाने फोन वडलांच्या हातात दिला.

"मिस्त्री," आजोबा म्हणाले. "मी बोलतोय."

"बोला ना, मालक."

आजोबा बोलणार होते. ओठ हलले. मग ते थांबले. डोळे फाटकावर, कडीवर, पिल्लावर फिरले, हातातून पडलेली वस्तू शोधावी तसे. पुढचं वाक्य आत्ता इथेच होतं.

"मालक?"

चिमटीने त्यांची बाही ओढली. "दुकानाचं दार," ती कुजबुजली.

"हां. दुकानाचं दार. मिस्त्री, ते मी उघडं टाकलं होतं. तू नाही."

कानस थांबली. "जाऊ द्या हो मालक. झालं ते झालं."

"नाही," आजोबा म्हणाले. "जाऊ नाही द्यायचं."

*

फोन संपल्यावर बराच वेळ कोणाला आत जावंसं वाटलं नाही, आणि तिथे उभंही राहवेना. फाटक उघडंच होतं. बिजू बाहेर बघत बसला होता.

शेवटी मुलाने चिमटीला उचललं, कडीपर्यंत. ती जड झाली होती, हे त्याला माहीत नव्हतं.

"पप्पा," ती त्याच्या कानाशी म्हणाली, "मी आजोबांना जाताना पाहिलं होतं. मी सांगणार होते. पण तू म्हणालास, जाऊ दे."

त्याने तिला आणखी थोडं वर धरलं.

तिने कान लावून कडी सरकवली. टक्. पूर्ण आवाज आला. मग ती वाट बघत राहिली, कोणीतरी विचारेल म्हणून. आजोबा खिशातले स्क्रू चाचपत होते. आत्या खाली बघत होती. आईच्या खांद्यावर गोळा होता. कोणीच "लागलं?" म्हणालं नाही.

*

सुट्टीच्या पहिल्याच संध्याकाळी आजोबांनी फाटकाची कडी काढून वर बसवली होती, मुलांचा हात पोचू नये आणि पिल्लू बाहेर जाऊ नये म्हणून. स्क्रू मुलाने धरले होते, साबणाचा तुकडा सुनेने आणून दिला होता, आणि थोरलीने चिमटीला फाटकाला टेकवून उभं केलं होतं, तेव्हा चिमटीने दोन्ही हात वर करून दाखवले होते की पोचत नाहीत, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.